क्रूसाच्या सणाची मिस्सा

"सणाचं गीत एकूण किती कडव्यांचं रे, इनास?" फादर कैतान यांनी विचारलं.

"अकरा. पण आपण तीनच म्हणतो."

"उद्या अकराही म्हणायची."

मुंबईतल्या त्यांच्या सरकारी बंगल्यात आम्ही दोघं बसलो होतो. शनिवारची दुपार. बाहेरच्या खोलीत चाळीसेक माणसं अर्ज घेऊन ताटकळत होती, आणि राज्यमंत्री कैतान तुस्कानो मला आत बोलावून गीताची कडवी मोजत होते. मंत्रालयात त्यांना सगळे साहेब म्हणत. मी एकटाच अजून फादर म्हणत असे. त्यांनी ते कधी सुधारलं नाही.

"उद्या म्हणजे?" मी विचारलं.

"उद्या क्रूसाचा सण. आपल्या चॅपेलात मी मिस्सा करणार. दहाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय. सहा वर्षांपूर्वी त्यांनी निवडणुकीचा अर्ज भरला, त्याच आठवड्यात बिशपांनी त्यांना निलंबित केलं होतं. पाद्र्याने सत्तेच्या खुर्चीत बसायचं नाही, हा चर्चचा कायदा. त्या दिवसापासून त्यांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली वेदीवरची उपासना, केली नव्हती. झगा गेला, पांढरा सदरा आला. पहिल्या वेळी आमदार झाले, दुसऱ्या वेळी त्यांचा किनारा पक्ष सरकारात गेला आणि ते मंत्री झाले. आणि हे सगळं सुरू झालं होतं पाण्यावरून. वसईच्या आमच्या पट्ट्यातलं गोडं पाणी शहराला जाऊ द्यायचं नाही, म्हणून या माणसाने झग्यावर उन्हातान्हात मोर्चे काढले होते, नऊ दिवस उपोषण केलं होतं. तेव्हा मी पंचविशीतला होतो. मला ऑर्गन त्यांनीच शिकवला होता.

"बिशप?" मी म्हणालो.

"बिशपांचं मी बघतो. तू एवढंच कर. आज गावात जा आणि माझ्या आईला सांग. फक्त आईला. बाकीच्यांना ती सांगेल." मग कागदांत डोकं घालून त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आणि पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घे. म्हाताऱ्यांना ऊन लागतं."

मी निघालो तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाळेचं सगळं नीट ना?"

"नीट आहे, फादर."

सहा वर्षं मी शाळेत बिनमान्यतेचा शिक्षक होतो. माझ्या मान्यतेच्या कागदावर फेब्रुवारीत सही झाली, तीही त्यांच्या एका फोनवर.

आमच्या उंबरखल गावात त्या वेळी बायका बावखलाच्या काठावर बसल्या होत्या. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वजांनी हातांनी खणलेलं. केळी, पानवेली, मोगरा, सगळ्या वाड्या त्याच्यावर उभ्या. चॅपेलाच्या पश्चिमेला अगदी भिंतीला लागून आमचं बावखल होतं, आणि नव्या शहराकडे जाणारा रस्ता नेमका त्याच्यावरून आखला होता. सरकारने तळं बुजवायचा हुकूम काढला. पुरुषांवर पोलिसांनी नोटिसा बजावल्या, म्हणून बायका बसल्या. त्यांचा तो एकोणिसावा दिवस होता. सोमवारी कोर्टात सुनावणी होती, आणि वकील म्हणत होता की स्थगिती मिळणारच. फक्त सोमवारपर्यंत तळं जागेवर हवं.

बिशपहाउसने मात्र कळवलं होतं, की आंदोलन चालू आहे तोवर त्या चॅपेलात मिस्सा नको. म्हणजे या वर्षी क्रूसाचा सण कोरडाच जाणार होता. बायकांच्या मनाला ते फार लागलं होतं.

कोंसूमावशी, म्हणजे फादरांची आई, त्या बायकांत पहिल्या दिवसापासून बसलेली. चौऱ्याहत्तर वर्षांची. लाल चौकड्यांचं लुगडं, कानांत सोन्याच्या कुड्या, पुढ्यात सोपटांची, म्हणजे केळीच्या सुकलेल्या सालींची जुडी. सोपटाच्या दोऱ्यात गजरे ओवत ती स्वतःच्या मुलाच्या सरकारविरुद्ध बसली होती. मुलगा मंत्री झाल्यापासून ती त्याच्या बंगल्यावर एकदाही गेली नव्हती.

मी तिला बाजूला घेऊन निरोप सांगितला. तिचे हात थांबले.

"कोण येतोय? मंत्री, की फादर?"

"फादर."

"झगा घालून?"

"मिस्सा करायची म्हणजे झगा घालूनच, मावशी."

लुगड्याच्या पदराने तिने तोंड पुसलं. "सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतलाय, इनास. माझ्याच पोटच्याचा हात मला मिळाला नाही." आणि एवढं बोलून ती उठली, आणि वय विसरून काठाने चालत एकेकीला सांगत गेली, "उद्या सणाची मिस्सा आहे. माझा कैतान करणार. दहाला. सगळ्यांनी यायचं."

बायकांची पुढारी होती रेमेत घोन्साल्विस. चाळिशीची, विधवा, मुंबईच्या बाजारात एकटी भाजी नेणारी. तिला कोणी फसवू शकत नसे. ती म्हणाली, "मिस्साला आम्ही येऊ. पण दहा जणी इथे बसतील."

"सणाच्या दिवशी?" कोंसूमावशी म्हणाली. "देवाच्या घरी जायचं आणि बाहेर पहारा ठेवायचा?"

"पहारा देवावर नाही, मावशी. तुमच्या मुलावर."

कोंसूमावशीचा चेहरा लाल झाला. पण ती ओरडली नाही. ती रेमेतच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तो राजकारणात गेला, त्याचं मी काही बोलत नाही. पण वेदीवर उभा राहून तो खोटं वागणार नाही. माझी हमी. काही झालं तर मला धरा."

रेमेतने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू काय म्हणतोस, मास्तर?"

"फादर तुमच्याशी बोलायलाच येतायत," मी म्हणालो. "मिस्सानंतर."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच जोडलं.

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला परगावचा ब्रास बँड आला. तो कोणी ठरवला होता ते कोणी विचारलं नाही. सणाला बँड असतोच. मी चॅपेलात जाऊन पश्चिमेकडच्या चारही खिडक्या लावल्या आणि कड्या घातल्या. मेच्या तीन तारखेला. रेमेत मागून आली.

"उकडून मरायचं का?"

"बँडचा आवाज आत घुमतो," मी म्हणालो. "पंखे आहेत की."

पावणेदहाला गाडी आली. दिवा नव्हता, झेंडा नव्हता, पुढेमागे पोलीस नव्हते. फादर कैतान पांढऱ्या झग्यात उतरले. सहा वर्षांत ते जाड झाले होते, झगा पोटावर ताणला होता, पण बायकांना त्याचं काही नव्हतं. काही जणी तिथेच रडायला लागल्या. त्यांनी सरळ कोंसूमावशीकडे जाऊन तिच्यासमोर गुडघे टेकले. "आय, आशीर्वाद दे." तिने दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले. रेमेतसुद्धा खाली बघू लागली.

सव्वाशे बायका, पन्नाससाठ पुरुष आत गेले. पहाऱ्याला ठरलेल्या दहा जणीही आत आल्या. बावखलाचा काठ रिकामा झाला. मी लाकडी जिना चढून वर कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या माळ्यावर, ऑर्गनवर बसलो. दार बाहेरून ओढून घेतलं गेलं आणि बँड पायऱ्यांवर वाजू लागला. भोंगेही लावले होते. मी इतकी भरगच्च मिस्सा आमच्या चॅपेलात आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

फादर पूर्वीसारखेच होते. तोच आवाज, शब्द ओढून सोडायची तीच रीत. त्यांचं प्रवचन पाऊण तास चाललं. क्रूस म्हणजे काय, दुसऱ्याच्या वाटणीचं दुःख आपल्या अंगावर घेणं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं. आपल्या बापाचं नाव घेतलं, ज्याने त्याच बावखलात पोहायला शिकवलं होतं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. अर्पणाच्या वेळी मी गीत सुरू केलं आणि अकराही कडवी वाजवली. मधेच एकदा लोक थांबायला लागले, कारण चौथं कडवं कोणाला येत नव्हतं. तेव्हा फादर वेदीवरून स्वतः गायला लागले, आणि लोक त्यांच्यामागे ओढत गेले. भोंग्यांचा आवाज भिंतींना धडकत होता.

मग ख्रिस्तप्रसाद. कोंसूमावशी सगळ्यात पुढे होती. वरून मला तिचा पांढरा अंबाडा आणि त्यातला मोगरा दिसत होता.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

"आमेन," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

मिस्सा संपली तेव्हा बारा वाजायला आले होते. शेवटचा आशीर्वाद देऊन फादर वेदीमागच्या खोलीत गेले. मी जिना उतरून त्यांच्यामागे गेलो. त्यांनी झगा काढून घडी घातली होती आणि सदऱ्याची बटणं लावत होते. मागच्या दाराशी गाडी उभी होती.

"एकही लाठी पडली नाही, इनास," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "एकीचंही डोकं फुटलं नाही. पोलिसांना आज पहाटे तीनशे माणसं घेऊन यायचं होतं. मी त्यांना थांबवलं. हे लक्षात ठेव."

"फादर, ही मिस्सा खरी होती का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात फार सोपा प्रश्न विचारलाय. "मिस्सा खरीच असते. ती करणारा कोण, कसा, यावर ती अवलंबून नसते. एवढं तुला माहीत असायला हवं." मग ते गाडीत बसले.

पुढचं दार उघडलं गेलं, आणि बायका बाहेर पडल्या. बँड गेलेला होता. पहिल्या बायका पायऱ्यांवरच थांबल्या आणि मागच्या त्यांच्यावर आदळल्या.

बावखल नव्हतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असतं, त्यामुळे वेळ लागला नसणार. जुन्या मिठागराच्या वाटेने डंपर आले होते, आणि लाल मुरमाचा नि फुटक्या विटांचा एक सपाट पट्टा चॅपेलाच्या भिंतीपासून पलीकडच्या वाडीपर्यंत पसरला होता. एका कोपऱ्यात अंगणाएवढं गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात मासे उड्या मारत होते. दोन बुलडोझर त्या कोपऱ्यावर काम करत होते. मधे पोलिसांची साखळी, तीन रांगांची. बाहेर राहिलेल्या आठदहा पुरुषांना केव्हाच गाडीत कोंबलं होतं. एक कासव मुरमातून अर्धं वर आलं होतं. बुलडोझर त्याच्यावरून गेला.

कोणी ओरडलं नाही, हे मला अजून आठवतं. कोणी दगडही उचलला नाही. नुकताच ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या बायका, कित्येकींच्या तोंडात तो अजून विरघळत होता.

रेमेत एकदम मागे वळली. तिने चॅपेलाच्या भिंतीकडे पाहिलं, बंद खिडक्यांकडे, आणि मग वर. कॉयरमध्ये ऑर्गनच्या उजव्या हाताला एक गोल झरोका होता. त्याला झडप नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली. "तू वर होतास."

मी वर होतो. शुभवर्तमानाच्या वाचनाच्या वेळी, प्रवचनाच्याही आधी, मी पहिला डंपर पाहिला होता. मग दुसरा, मग मोजणं सोडलं. अर्पणाच्या गीतात तिसऱ्या कडव्यानंतर माझे हात थांबले होते. लोकांना चौथं येत नव्हतं म्हणून ते थांबले असं मी आत्ता म्हणालो, ते खरं नाही. ते माझ्यामुळे थांबले. मी थांबलो आणि खाली पाहिलं. फादर वर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनंती नव्हती. ऑर्गन शिकवताना मी स्वर चुकलो की ते असेच थांबून बघत, मी आपणहून सुधारेपर्यंत. मग ते गायला लागले. आणि मी चौथं कडवं धरलं, आवाजाची सगळी बटणं ओढली, आणि अकराव्यापर्यंत वाजवत गेलो. त्या क्षणी मी झरोक्यातून नुसता ओरडलो असतो, तरी निम्म्याहून अधिक तळं वाचलं असतं. आणि दहाच्या मिस्साला पश्चिमेकडून ऊन येत नाही, हे मला शनिवारी त्या बंगल्यातच लक्षात आलं होतं.

"तुला दिसलं नाही?" रेमेत म्हणाली. "खिडक्या तू लावल्यास. का लावल्यास?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. पुरुषही. त्यांच्यात माझे काका होते, माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप होते.

"मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"कोणी?"

फादरांचं नाव मी घेतलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, की मग तुला सगळं माहीत होतं तर. मी इकडेतिकडे पाहिलं. कोंसूमावशी पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि ती त्या मासे उडणाऱ्या कोपऱ्याकडे बघत होती.

"कोंसूमावशीने," मी म्हणालो.

तिने मान वळवली. तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. तिचे डोळे माझ्यावर आले आणि तिथेच राहिले. मी वाट बघत होतो, ती आता ओरडेल, आता मला खोटारडा म्हणेल. तसं तिने केलं असतं, तर लोकांनी तिच्यावरच विश्वास ठेवला असता. एकोणीस दिवस ती तिथे बसली होती.

"खरं का, मावशी?" रेमेतचा आवाज फाटला.

"हो," कोंसूमावशी म्हणाली. "मी सांगितलं."

रेमेत तिच्या तोंडावर थुंकली.

त्यानंतर कोंसूमावशी चार वर्षं जगली. तिच्या वाडीतला मोगरा गावातलं कोणी बाजारात नेईना. चर्चमध्ये ती बाकावर बसली की त्या बाकावरच्या बायका उठून मागे जात. नळावर तिची कळशी बाजूला सरकवत. मुलं तिला बघून डंपरसारखा आवाज काढत. माझ्या शाळेतली मुलं. फादर तिला मुंबईला न्यायला दोनदा आले. ती गेली नाही. एकदा, फक्त एकदा, मी मागच्या वाटेने तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"तू का 'हो' म्हणालीस?" मी विचारलं.

तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "हमी मी दिली होती ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू आता जा. कोणी बघितलं तर तुझ्याशीही बोलणार नाहीत."

ती गेली तेव्हा तिचा मुलगा कॅबिनेट मंत्री होता. चर्चबाहेर लाल दिव्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या, फुलांची मोठाली चक्रं आली, पण गावातली दारं बंद होती. मिस्सा संपली आणि शवपेटी कबरस्तानात न्यायची वेळ झाली, तेव्हा उचलायला माणसं नव्हती. फादर कैतान एका बाजूला उभे होते, मान खाली घालून. मी ऑर्गनवरून उतरून खाली आलो.

चर्चच्या आवारात रेमेत उभी होती. एकटी. आत आली नव्हती, पण गेलीही नव्हती. तिने मला हाक मारली.

"मास्तर, चार वर्षं मी हे गिळतेय. ती म्हातारी माझ्या स्वप्नात येते. मला एकदाच खरं सांग. तिने नसेल सांगितलं, तर तसं आत्ता बोल. मी आत्ता दहा घरांतली माणसं काढते. माझ्या खांद्यावर नेते तिला. बोल."

फादर आमच्याकडे बघत होते. माझ्या मुख्याध्यापकपदाचा कागद त्या आठवड्यात मंत्रालयात होता. पण त्यामुळे मी तसं वागलो, असं म्हणणंही खोटं होईल. चार वर्षांत गाव माझ्याशी चांगलं वागलं होतं. माझं लग्न गावाने केलं होतं. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला रेमेतनेच मोगऱ्याच्या टोपल्या भरून आणल्या होत्या.

"तिनेच सांगितलं होतं," मी म्हणालो.

रेमेतने मान हलवली, पदर सारखा केला आणि फाटकाबाहेर निघून गेली. मग बंदोबस्ताला आलेल्या चार हवालदारांनी टोप्या काढून बाजूला ठेवल्या, कुठल्या टोकाला कोण ते ठरवलं, आणि कोंसूमावशीला उचललं.